टोपडं गेलं बाजाराला

अरे शिवा, तू आधी गप बस आणि नुसतं ऐक. मध्ये तोंड घालायचं नाही. रामदासा, तू पण. हसायचं तर शेवटी हसा, आत्तापासून दात काढलेत तर मी उठून जातो बघ. काल दादरला माझी जी काय वरात निघाली ना, ती माझ्याच तोंडून ऐका, म्हणजे उद्या गिरणीच्या खात्यात कोणी तिखटमीठ लावून सांगितलं तरी तुम्हाला खरं काय ते माहीत असेल.

तर आमची अंबू. पाच वर्षांची मिरची. तुला ठाऊक आहे, आमचा माधव जन्मला नवरात्रात. बारसं झालं, पेढे तूच चार उडवलेस. सगळी चाळ येऊन बाळ बघून गेली, फक्त हिने बघितलं नाही. म्हणजे बघते, पण असं बघते की जणू शेजाऱ्याने आपल्या दारात पिंप आणून ठेवलंय. नाव घेत नाही. 'तो' म्हणते. 'तो उठला', 'तो रडतोय', 'त्याने परत केलं'. बस.

बरं, खाली पटांगणात 'मुंबईसह महाराष्ट्र' मागणारी समितीची माणसं बसतात, तिथे ही पोर रोज जाऊन मांडी घालून बसते. तिथे कोणीतरी तिला समजावलं, की बाई गं, द्वैभाषिक म्हणजे दोन बोलींची माणसं कोणाला न विचारता एका घरात कोंबायची. झालं! ही तडक वर आली, कमरेवर हात ठेवून म्हणते, "बाबा, आपल्या घरात द्वैभाषिक झालंय."

म्हटलं, "ते कसं काय?"

"तो काय बोलतो मला एक अक्षर कळत नाही. मला कोणी विचारलं पण नाही. त्याला वेगळं राज्य द्या."

"आणि आई? आई कोणाच्या राज्यात?"

माझ्याकडे असं बघितलं तिने, की एवढं साधं कळत नाही का या माणसाला! म्हणते, "आई म्हणजे मुंबई."

आता बोल! त्या दिवसापासून पाळण्यासमोर कागदी झेंडा घेऊन उभी. "आईसह अंबूचं राज्य, झालंच पाहिजे!" बकुळा बाळाला पाजायला घेते, की हिची घोषणा सुरू. बाळ दचकतं, रडतं, ही म्हणते बघा, विरोध करतो.

इथपर्यंत आम्ही पण हसत होतो रे. पण मग भाऊबीजेचं निघालं. नळावर बायका हिला म्हणाल्या, "अंबू, मज्जा आहे तुझी, यंदा सख्खा भाऊ, आता ओवाळणी मिळणार." ही घरी आली, "तो मला काय देणार?" मी आपलं सहज म्हटलं, "आपण आणू की काहीतरी छान." तर म्हणते, "आपण म्हणजे कोण? तुम्ही आणणार ना? मग मी तुम्हाला ओवाळीन. पाडव्याला ओवाळतेच. त्याने काही दिलं नाही, तर त्याला कशाला ओवाळू?"

तिच्या बोलण्यात चूक काढून दाखव तू. मला सापडली नाही.

"त्याने स्वतः दिली तर ओवाळीन. नाहीतर तो माझा कोणी नाही," असं म्हणून ही गॅलरीत जाऊन बसली. बकुळाच्या डोळ्यात टचकन पाणी. बाळंतीण बाई, आधीच हळवी. आणि खरं सांगू? मला पण कसंतरी झालं. मला बहीण नाही, तुला माहीत आहे. लहानपणी भाऊबीजेला मी टोपी घालून चाळभर हिंडायचो, कपाळ घेऊन, कोणी ओवाळतं का म्हणून. ज्या खोलीत पाट मांडलेला दिसला की त्या दारात उभा राहायचो. माझ्या पोराला घरात बहीण असून कपाळ कोरडं? नाही रे, नाही बघवणार. म्हटलं काही झालं तरी या भाऊबीजेला अंबूने माधवला ओवाळलंच पाहिजे.

पण वीस दिवसाचं पोर स्वतः ओवाळणी आणणार कशी?

तोडगा काढला आमच्या आयेने. ती पानाला चुना लावत बसली होती. म्हणाली, "अगो, पूर्वी न्हवरो लढाईर असलो, तर तेच्या तलवारीवांगडा लगीन लायत. तलवार न्हवरो होता, तर टोपडा भाव नाय होवचा?"

अंबू आत आली. "म्हणजे?"

"म्हणजे तुझो भाव ल्हान, तेका बाजारात जावक जमाचा नाय. तेचा टोपडा घेवन जा. टोपड्यान पसंत केला, म्हणजे तेनाच पसंत केला."

अंबूने विचार केला. बराच केला. मग म्हणाली, "चालेल. पण टोपडं माझ्या हातात राहील."

तर असे आम्ही तिघे काल निघालो दिवाळीच्या बाजाराला. मी, अंबू, आणि तिच्या मुठीवर चढवलेलं माधवचं टोपडं. पांढरं, लाल नाडीचं, बकुळाने आपल्याच गिरणीच्या तुकड्यातून हाताने शिवलेलं. निघताना आयेने बजावलं, "आणि कारटां इसरा नको, मानशी एक." कारीट माहीत आहे ना रे रामदासा तुला? तुम्ही घाटावरचे लोक काय करता देव जाणे. आमच्यात पहिल्या अंघोळीला ते कडू हिरवं फळ तुळशीपाशी पायाच्या अंगठ्याने फोडतात. तोच नरकासुर. फचकन फुटला पाहिजे. अंबूचा सगळ्यात आवडता सण तोच. दारातून वळून म्हणते, "चारच आणू ना? त्याला कुठे पाय आहेत."

पाय आहेत रे त्याला. चांगले गुटगुटीत आहेत. पण ती मोजतच नव्हती ना त्याला घरात.

लालबागहून ट्राम पकडली, वरच्याच मजल्यावर बसायचं म्हणाली, बसलो. मूठ खिडकीशी धरून टोपड्याला सगळं दाखवत होती. ही गिरणी, हे भोंगा वाजतो ते, इथे बाबा पडले होते केळ्याच्या सालीवरून. तेवढ्यात कंडक्टर आला. मोठा गमत्या माणूस. मला तिकीट दिलं, मुठीकडे बघून म्हणाला, "आणि यांचं?"

अंबू म्हणाली, "तो मांडीवर बसलाय. मांडीवरच्याला तिकीट नसतं."

"काय म्हणतात बाळराजे?"

अंबूने मूठ कानाला लावली. "तो म्हणतो, तुमच्या मिशा खोट्या आहेत."

मी दादर टी. टी. येईपर्यंत बाहेरच बघत बसलो.

उतरलो, पूल ओलांडून पलीकडच्या बाजारात गेलो, आणि माझ्या लक्षात आलं की आयेने मला कसल्या फासात अडकवलंय. कारण टोपडं बोलत होतं त्याच्या भाषेत, आणि ती भाषा येत होती फक्त अंबूला! सकाळपर्यंत एक अक्षर कळत नव्हतं, आता बाजारात दुभाषी झाली होती.

"तो म्हणतो, ताईला जिलबी घ्या."

"त्याला दात नाहीत."

"म्हणूनच ताईने खायची."

घेतली जिलबी.

"तो म्हणतो, ताईचे पाय दुखले."

घेतली कडेवर. एका हाताला उटणं, सुवासिक तेलाची बाटली, फुलबाजे, रंगीत कागद. दुसऱ्या हाताला ही, आणि हिच्या हाताला तो. फ्रॉकच्या दुकानात टोपड्याने तीन फ्रॉक नापसंत केले. दुकानदार वैतागून म्हणाला, "ओ भाऊ, घालणार कोण, मुलगी की टोपडं?" अंबू म्हणाली, "निळा रंग त्याच्या आवडीचा आहे." निळा हिच्या आवडीचा रे! पण बोलायची सोय नव्हती.

आणि मग ती काच आली. काचेमागे कचकड्याची बाहुली. गुलाबी गाल, आडवी केली की डोळे मिटते, उभी केली की उघडते. अंबू कडेवरून घसरून खाली उतरली. काहीच बोलली नाही. मूठ हळूच काचेला टेकवली, आणि टोपडं काचेला नाक लावून उभं राहिलं.

"तो म्हणतो—"

"कळलं काय म्हणतो ते," मी म्हटलं. "त्याला सांग, आधी बाकीचा बाजार. मग बघू."

"मग बघू म्हणजे नाही."

"अगं, नाही म्हणजे नाही. मग बघू म्हणजे मग बघू."

"बाबा, ओवाळणी तो देणार आहे. तुम्ही मध्ये बोलू नका."

बघ, वर मलाच! मी तिला ओढत पुढे नेलं. ती मागे वळून वळून बघतेय, टोपडं पण वळून वळून बघतंय. मनात म्हटलं, रघुवीर, घेऊन टाक. पण दुसरं मन म्हणतं, ही बाहुली घेतली तर हिने टोपड्याला वापरून घेतलं, भावाचं काय? ओवाळेल ती बाहुलीला, माधवला नाही. असला सगळा विचार करत मी पुलाजवळ कंदिलाच्या काड्या घ्यायला थांबलो. तो काडीवाला एक नंबरचा घासाघीस करणारा. मी पाठमोरा, त्याच्याशी हुज्जत घालतोय, एवढ्यात मागून अशी किंकाळी आली, अशी किंकाळी, की माझ्या हातातल्या काड्या खाली पडल्या.

"माझा भाऊ हरवलाऽऽ!"

वळून बघतो तर अंबू दोन्ही हात वर करून उभी, आणि मूठ उघडी. टोपडं गायब.

आता बाजारात 'माझं टोपडं हरवलं' म्हणून पोर रडली असती, तर लोकांनी च्च च्च केलं असतं आणि पुढे गेले असते. पण 'भाऊ हरवला'! दिवाळीच्या गर्दीत! क्षणात माझ्या नि तिच्यामध्ये माणसांची भिंत. मला ती दिसेना, नुसता आवाज ऐकू येतोय. एक जाडजूड मावशी, नऊवारी, हातात भाजीची पिशवी, ती पुढे झाली.

"रडू नको हं बाळा. केवढा आहे गं भाऊ तुझा?"

अंबूने मूठ दाखवली असणार. कारण मावशी किंचाळली, "एवढुसा? अगं बाई, सातव्या महिन्याचा की काय!"

"चालतो का तो?"

"नाही. मीच नाचवते त्याला."

"बोलतो?"

"फक्त माझ्याशी."

"अंगात काय होतं त्याच्या?"

"काहीच नव्हतं. टोपडं फक्त."

"अरे देवा, उघडं पोर! या थंडीवाऱ्यात!" कसली थंडी आली रे, घामाने भिजलो होतो मी. "आणि याचे आईबाप कुठे मेले?"

तर तो मेलेला बाप कोपराने गर्दी सारत कसाबसा आत पोचला. म्हटलं, "अहो, मी बाप. काही हरवलं नाही, तुम्ही सगळे जा."

शिवा, हे वाक्य मी बोलायला नको होतं. एक काळाकभिन्न माथाडी पुढे आला, माझी कॉलर धरली. "पोटचा गोळा हरवलाय, आणि म्हणतो काही हरवलं नाही?"

"अहो, फक्त टोपडं हरवलंय!"

"बघा, बघा," मावशी गर्दीला सांगायला लागली, "पोराचं काही नाही याला. टोपड्याची पडलीय!"

काय सांगू तुला! मी जेवढं खरं बोलतोय तेवढा जास्त हलकट ठरतोय. अंबूला म्हटलं, "सांग गं यांना." तर ती हमसून हमसून, "तो एकटाच आहे. त्याला कोणाची भाषा येत नाही. तो कोणाला विचारणार?"

आणि खरं सांगतो, ती नाटक करत नव्हती रे. जिलबीच्या वेळचा आवाज वेगळा होता. हा वेगळा.

समितीची कोपरासभा होती पलीकडे. लॉरीवर कर्णा बांधलेला, अजून वक्ता यायचा होता. दंडाला पट्टी बांधलेला एक कार्यकर्ता धावत आला. उंच, चष्मेवाला, बाबुराव म्हणत होते त्याला. त्याने सगळ्यांना मागे सारलं, अंबूसमोर उकिडवा बसला. "नाव काय गं भावाचं?"

मी बघत राहिलो. कारण वीस दिवसांत हिच्या तोंडून ते नाव निघालं नव्हतं.

"माधव," अंबू नाक पुसत म्हणाली. "माधव रघुवीर घाडी. लालबागचा. वीस दिवसांचा. पांढरं टोपडं, लाल नाडीचं."

बाबुराव गेला पळत. मी म्हणतोय, अहो ऐका, अहो थांबा, पण माथाड्याने कॉलर सोडली तर ना! आणि सगळ्या दादरवर कर्णा गरजला, "मंडळी, लक्ष द्या! लालबागचा माधव रघुवीर घाडी, वीस दिवसांचा, मुठीएवढा, लाल नाडीचं पांढरं टोपडं घातलेला मुलगा बाजारात हरवला आहे. स्वयंसेवकांनी सगळ्या गल्ल्या बघाव्यात. मुलाच्या वडिलांचं डोकं ठिकाणावर नाही, त्यांना सांभाळावं!"

हसा, हसा. आता हसलात तर चालेल.

सगळा बाजार उठला. कोणी टोपल्या उचलून बघतंय, कोणी हातगाडीखाली वाकतंय. झेंडूवाल्याने आख्खा ढीग उपसला, म्हणे मुठीएवढं पोर आहे, फुलांत गेलं असेल. आणि मला पुढचं दिसायला लागलं. आत्ता यांना कळणार की पोर नव्हतंच, मग हेच लोक मला झेंडूच्या ढिगाखाली गाडणार. ते राहू दे. पण टोपडं मिळालं नाही तर अंबूचं काय? ही पोर आज पहिल्यांदा भावासाठी रडली, आणि आजच तो सापडला नाही, तर घरी जाऊन पाळण्याकडे बघेल का ही परत?

तेवढ्यात मला समोर दिसलं टोपड्यांचं दुकान. फळीवर रांगेने. पांढरी. लाल नाडीची.

माथाड्याला म्हटलं, मला चक्कर येतेय, पाणी पितो. त्याने कॉलर सोडली. मी तीरासारखा गेलो, एक टोपडं घेतलं, बाकीचे पैसे पण परत घेतले नाहीत, चुरगाळलं, पायाखालची थोडी धूळ लावली, आणि हात वर करून ओरडत आलो, "मिळालं! मिळालं!"

अंबूने झडप घालून घेतलं. मुठीवर चढवलं. कानाला लावलं. सगळी गर्दी पुढे वाकली.

मग ती माझ्याकडे बघून म्हणाली, "हा काही बोलत नाही."

"घाबरलाय तो," मी म्हटलं. "गर्दीत पडला ना."

"नाडी उजवीकडे शिवलेली आहे."

"फिरली असेल."

मावशी मला म्हणते, "ओ, पोर कुठाय? नुसतं टोपडं काय नाचवताय?" माथाडी परत कॉलरकडे बघायला लागला. आणि नेमका त्याच वेळी तो बाबुराव आला गर्दी सारत, दोन्ही हातांची ओंजळ करून, जशी काही ओंजळीत समई आहे. पाठोपाठ एक म्हातारी, कपाळावर हे एवढं गोंदण, डोक्यावर टोपली. बाबुरावाचं तोंड असं झालं होतं, की रडावं की हसावं त्याला कळत नव्हतं.

ओंजळीत एक कारीट. कारटाला टोपडं घातलेलं. लाल नाडी हनुवटीखाली बांधून.

म्हातारी म्हणाली, "मी कमळाबाई, घोडपदेवची. पुलाच्या पायथ्याशी बसते. गर्दीच्या धक्क्यात टोपलीत येऊन पडलं, म्हटलं कोणाच्या तरी लेकराचं असेल, मळायला नको, म्हणून वरच्या कारटाला घातलं. तर हा बाबा कर्णा सोडून धावत आला, म्हणतो, आजी, बाळ उचला!"

आता अंबूच्या एका हातावर एक टोपडं, आणि समोर दुसरं. सगळं दादर बघतंय. मी डोळे मिटले. म्हटलं रघुवीर, तुझा खोटेपणा गेला चव्हाट्यावर, तो पण पाच वर्षांच्या पोरीसमोर.

पोरीने काय करावं? तिने आधी हातावरचं टोपडं नाकाला लावलं. मग कारटावरचं काढून नाकाला लावलं. आणि नाक तिथेच ठेवलं. आमच्या खोलीत वीस दिवस बाळंतिणीची धुरी आहे रे, ओवा, बाळंतशेप, शेगडी, खोबरेल. त्या वासाला ही रोज नाक मुरडून गॅलरीत जायची. काल त्याच वासात तोंड खुपसून उभी राहिली. मग म्हणाली, "हा माझा माधव. याला आपल्या घरचा वास येतोय."

आणि मग त्या मावशीला सगळा प्रकार कळला. ती जी हसायला लागली, पिशवीतली वांगी सांडली. मग माथाडी हसला, मग सगळा बाजार. माथाड्याने माझी कॉलर नीट करून दिली, वर पाठीत असा गुद्दा घातला की अजून दुखतंय. बाबुराव चष्मा पुसत अंबूला म्हणाला, "काय गं, एवढ्या लहान भावाला बाजारात कशाला आणलंस?"

"ओवाळणी घ्यायला. तो देणार आहे."

"काय देणार आहे?"

अंबूने माझ्याकडे बघितलं. मग टोपडं मुठीवर चढवलं. कानाला लावलं. म्हटलं आता पोरगी समजूतदार झाली असेल, एवढं रामायण झालं, म्हणेल भिंगरी, म्हणेल फुगा.

"तो म्हणतो, बाहुली. कचकड्याची. डोळे मिटणारी. पण बाबा मग बघू म्हणतात."

बाबुराव उठला. लॉरीकडे गेला. मी म्हटलं, नको हो, अहो साहेब, नको. कर्ण्यातून आवाज आला, "मंडळी, लालबागचा माधव सापडला आहे! त्याची एकच मागणी आहे! ताईला बाहुली..."

आणि आख्खं दादर, "मिळालीच पाहिजे!"

घेतली रे. न घेऊन सांगतो कोणाला? दुकानदार स्वतः बाहेर येऊन उभा राहिला होता, बाहुली हातात घेऊन.

निघताना कमळाबाईकडे कारटं घेतली. तिने विचारलं, "किती देऊ गं?" अंबू म्हणाली, "पाच. एक बारकं द्या, त्याचा अंगठा लहान आहे." आणि ते टोपडं घातलेलं कारीट होतं ना, ते वेगळं मागून घेतलं. ते म्हणे कोणी फोडायचं नाही. ते थोडा वेळ माधव होतं.

येताना ट्राममध्ये माझ्या मांडीवर पाय टाकून झोपली. एका काखेत बाहुली, मुठीवर टोपडं. मी मनात म्हटलं जिंकलो. घरी पोचलो, दारातच जागी झाली, चपला न काढता पाळण्याशी गेली, टोपडं माधवच्या डोक्यावर घातलं, नाडी बांधली आणि म्हणाली, "बरं झालं आलास. मी किती शोधलं तुला." बकुळा माझ्याकडे बघतेय, आये माझ्याकडे बघतेय. बकुळाने तोंडाला पदर लावला. आये म्हणाली, "बरा झाला रे झिला. आता ओवाळतला चेडू." चेडू म्हणजे पोरगी रे, रामदासा. मी आपला ऐटीत भिंतीला टेकून बसलो, म्हटलं चहा टाका.

इथेच संपायला पाहिजे होतं, नाही का? चहा आला असता, मी प्यालो असतो.

पण अंबूने फ्रॉकच्या खिशात हात घातला आणि ते दुसरं टोपडं बाहेर काढलं. माझं. धूळ लावलेलं. ते नीट झटकलं, पाळण्याच्या दोरीला बांधलं. मग आयेसमोर, बकुळासमोर, दारात उभ्या असलेल्या शेजारच्या मीराबाईसमोर, म्हणजे आता चाळभर झालंच, मला खणखणीत आवाजात विचारते, "बाबा, हे टोपडं तुम्ही आणलंत ना? मग याचा भाऊ कधी आणणार?"

"कुठला भाऊ गं?"

"या टोपड्यातला! माधव एकटा किती कंटाळतो. दुसरा पण भाऊ मिळालाच पाहिजे!"

आणि झेंडा घेतला की तिने हातात! आये टाळ्या वाजवतेय, "बराबर बोलता चेडू!" मीराबाई खो खो हसतेय. आणि बकुळा, वीस दिवसांची बाळंतीण, माझ्याकडे अशी बघतेय, अशी बघतेय, की चहा राहिला बाजूला, रात्रीचं जेवण तरी मिळतंय की नाही! भाऊबीज चार दिवसांवर आलीय, पोरगी आज सकाळपासून पाटाभोवती रांगोळीचा सराव करतेय, आणि मधून मधून घोषणा चालूच. आता मी हो म्हटलं तर बकुळा घरात घेत नाही, आणि नाही म्हटलं तर पोरगी परत वेगळं राज्य मागते.

हसतोस काय, शिवा? तुझं लग्न ठरतंय ना माघात? मग सांग की आता. माझ्या जागी तू असतास, तर काय केलं असतंस?